कपडे आत कोणी नेले?

"थांबव! थांबव म्हणते ना! मागे घे!"

सासूबाई अशा किंचाळल्या की मला वाटलं, घराला आग लागली. मी डोक्याला शाम्पू फासलेला तशीच न्हाणीतून हॉलमध्ये धावले. बघते तर बाई टीव्हीच्या इतक्या जवळ उभ्या, की नाक काचेला टेकायचंच बाकी होतं. हातात रिमोट होता, तोही उलटा धरलेला.

"काय झालं आई? कोणाला लागलं?"

"कपडे!" त्या म्हणाल्या. "कपडे आत कोणी नेले?"

मी आपली गॅलरीकडे बघायला लागले. तर म्हणे, "आपले नाहीत गं! जहाजावरचे!"

माझं डोकं सटकलं. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी तोंड वाकडं करायला नको. दिवसभर दुसऱ्याचं काय चुकलं तेच बघायचं, हीच माझी नोकरी. तिथे गोड स्वभाव कुठून आणायचा? 'सातवा किनारा' नावाची जी कार्टून मालिका आहे ना, ती जिथे बनते तिथे मी कामाला आहे. एका दृश्यात पोराच्या डोक्यावर टोपी आहे आणि पुढच्या दृश्यात नाही, आधी पेला भरलेला आणि मग कोणी न पिता रिकामा, असलं काही निघालं की मी चित्रकारांच्या मानगुटीवर बसते. ऑफिसात मला 'चाळणी' म्हणतात. माझ्या समोर म्हणत नाहीत, पण मला ऐकू येतं.

आणि आमच्या सासूबाई त्या मालिकेच्या पहिल्या दिवसापासूनच्या भक्त. सून तिथे काम करते म्हणून नव्हे हं. माझ्या आधीपासून. जुने भाग पुन्हा लागले तरी पुन्हा बघणार, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत तेल घालून बघणार.

"हे बघ," त्यांनी दृश्य मागे घेतलं. शाम्पूचा फेस माझ्या कानात जात होता. "इथे दोरीवर कपडे आहेत. चार सदरे, एक हिरवी ओढणी. आता पाऊस आला. पोरं कुठे आहेत? तिघंही खाली, चाच्यांनी बांधून ठेवलीत. शेळी आपली शिडाखाली. आता बघ. दोरी रिकामी!"

"चूक आहे ती," मी म्हटलं. हा भाग मी नोकरीला लागायच्या आधीचा, त्यामुळे अगदी छाती पुढे काढून म्हटलं. "पावसाचं दृश्य दुसऱ्याने काढलं असेल, तो कपडे काढायला विसरला."

"विसरला? बाई गं, कपडे काढायला विसरतात, आत न्यायला विसरतात. आपोआप आत गेलेले कपडे मी आजवर नाही पाहिले."

"मग कोणी नेले?"

सासूबाईंनी आवाज एकदम खाली आणला. "पोरांच्या आईने. कप्तानीण जिवंत आहे. जहाजावरच आहे."

मी डोकं धुवायला निघून गेले. दुसरं काय करणार?

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांना सांगते. तीन भावंडं एका जहाजावर: थोरली सुकाणू धरते, मधल्याला सगळे ढोल्या म्हणतात, आणि धाकटी टिंबू. जोडीला एक मिशीवाली शेळी. त्यांची आई जहाजाची कप्तानीण. पहिल्याच वादळात ती धुक्याच्या समुद्रात पडली आणि गेली. तेव्हापासून पोरं सातवा किनारा शोधत हिंडतायत. आता मालिका संपत आली होती, फक्त शेवटचा भाग उरला होता. तो आमच्याकडे अजून लिहूनसुद्धा झाला नव्हता आणि आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली होती.

घरी माझ्या जिवाला आणखी एक घोर होता. सासूबाईंनी माळ्यावरून मोठी बॅग काढली होती. "शेवटचा भाग बघितला की मी लेकीकडे जाते," असं एके दिवशी चहा पिता पिता त्यांनी सांगून टाकलं. "राहायलाच."

"राहायला म्हणजे किती दिवस?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"कायमची."

"का पण? काही झालं का?"

"काही नाही रे. हवापालट."

हवापालट कायमचा असतो का कधी? हे माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, मलाही काही सांगत नाही, नुसतं 'येते' म्हणते. मी मनाशी ठरवूनच टाकलं की हे माझ्या तोंडामुळे. रोज टीव्हीपुढे आमचं वाजायचं. पण खरं सांगू? मला ते वाजणं आवडायचं. दिवसभर ऑफिसात सगळे माझ्यापुढे मान खाली घालणार, आणि घरी आलं की हे एक माणूस कंबर कसून उभं! त्या गेल्या तर मी भांडणार कोणाशी? ह्यांच्याशी? ह्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं.

सासूबाई किंचाळल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक होती. आमच्या दिग्दर्शकबाई रागावल्या की आवाज चढवत नाहीत, उलट इतका खाली नेतात की ऐकायला पुढे वाकावं लागतं. त्या दिवशी आम्ही सगळे टेबलावर आडवे झालो होतो.

"दिवा कोणी लावला?" त्या पुटपुटल्या.

हाच तो प्रश्न. त्याच चाच्यांच्या भागात, पोरं खाली बांधलेली असताना, डोलकाठीवरचा दिवा पेटतो आणि जहाज खडकावर आपटता आपटता वाचतं. दिवा लावला कोणी? लेखक लिहायच्या ओघात विसरून गेला होता. प्रेक्षक विसरले नव्हते. जो तो हेच विचारत होता आणि शेवटच्या भागात उत्तर दिलं नाही तर लोक आम्हाला उभं चिरतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या लेखकाचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं, म्हणून त्याला आम्ही पणराव म्हणतो. पणराव दाढी खाजवत म्हणाला, "पण वीज पडून पेटला असं केलं तर?"

"वीज पडली तर दिवा पेटत नाही, डोलकाठी पेटते!" मी उसळले. "त्यापेक्षा आमच्या सासूबाईंचं डोकं बरं चालतं. त्या म्हणतात, कप्तानीण जहाजावरच आहे. तिनेच पावसात कपडे आत नेले."

सगळे हसले. मीही हसले. दिग्दर्शकबाई हसल्या नाहीत.

"कोणते कपडे?"

दाखवले. दोरी भरलेली, पाऊस, दोरी रिकामी. आणि पुढच्याच दृश्यात दिवा पेटतो!

पणराव खुर्चीतून अर्धा उठला. "पण... पण हे एकच आहे."

"एकच कुठलं?" माझ्या अंगावर सरसरून काटा आला, कारण मला एकेक आठवायला लागलं होतं. नोकरीला लागल्यापासून मी जुन्या भागांतल्या चुका पाहून वैतागले होते, त्या सगळ्या डोळ्यांपुढे धावत आल्या. "टिंबूचा मोजा लावा! गुहेच्या भागातला!"

लावला. संध्याकाळी मोज्यातून अंगठा बाहेर, सकाळी मोजा धड. तिन्ही पोरं रात्रभर गुहेत, मोजे जहाजावर.

"बेटावरचं सूप!"

पोरं परत येतात, जहाजावर चिटपाखरू नाही, आणि पातेल्यातून वाफा. ढोल्या सरळ पेल्यात ओतून घेतो, भुरके मारतो, 'कोणी केलं' म्हणून विचारत नाही.

"शिडाचं ठिगळ! शेळीच्या दुधाची बादली!"

एकेक लागत होतं तसतसे लोक उभे राहत होते. शेजारच्या खोलीतले चित्रकार दारात येऊन उभे. शेळीच्या भरलेल्या बादलीला तर टाळ्या पडल्या. गंमत अशी की यातली एकही गोष्ट कोणी मुद्दाम केली नव्हती. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी केलेल्या चुका. पण सगळ्या एकाच जातीच्या! तलवार कधी चुकली नव्हती, नकाशा कधी चुकला नव्हता. चुकली होती ती फक्त घरातली कामं. रंगवणाऱ्यांना बिचाऱ्यांना वाटलंच नव्हतं, की ही कामं कोणीतरी करावी लागतात.

"आई जहाजावर आहे!" दिग्दर्शकबाई ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"पण," पणराव म्हणाला.

घोडं इथेच पेंड खातं बघा.

"पण मग ती समोर का येत नाही? पोरं आईसाठी रडतात, ती बाजूलाच आहे आणि लपून बसते? असली कसली आई? लोकांना राग येईल तिचा."

खोलीतली हवाच गेली. खरंच होतं ते. आम्ही बराच वेळ डोकं खाजवलं. शाप, विसराळूपणा, चाच्यांची भीती, सगळं ओढूनताणून आणलेलं. शेवटी दिग्दर्शकबाई पुन्हा पुटपुटल्या, "उद्या सकाळपर्यंत उत्तर मिळालं तर आई. नाहीतर वीज."

मी घरी गेले ती चपला न काढता सासूबाईंच्या खोलीत. त्या पलंगावर बसून आपल्या साड्यांच्या घड्या बॅगेत लावत होत्या.

"आई, तुमचं बरोबर होतं! सगळं ऑफिस नाचतंय! फक्त एक सांगा. ती आहे, तर लपून का बसलीये?"

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली.

"लपलीये असं कोण म्हणतं? लपायला वेळ आहे का तिला? शिडं शिवायची, मोजे शिवायचे, शेळीची धार काढायची, पावसाआधी कपडे आत घ्यायचे. ती तिथेच आहे, पहिल्यापासून. ह्यांनाच दिसत नाही. सूप आयतं पुढ्यात येतं, वाटतं आपोआप झालं. आपोआप!" त्यांचा आवाज चिरकला. "एकाने तरी एकदा तोंड उघडून विचारलं का, की बाबा हे केलं कोणी?"

त्यांचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, मालिका फारच मनाला लावून घेतलीये बाईंनी. आणि माझ्या डोक्यात तर तोवर वीज चमकली होती, पणरावाची नव्हे, खरी. दुसऱ्या पर्वात एक म्हातारा कोळी टिंबूला म्हणतो, 'धुकं माणूस गिळत नाही पोरी, नजर गिळतं.' वाक्य ऐकायला बरं वाटतं म्हणून पणरावाने घातलेलं. त्याचा अर्थ आजवर त्यालाही ठाऊक नव्हता!

मी तिथल्या तिथे फोन लावला. "पणराव! कोळ्याचं वाक्य! आई धुक्यात पडली ती मेली नाही, दिसेनाशी झाली! ती आहेच, फक्त नजरेला दिसत नाही. आणि कोणीतरी विचारलं की दिसणार! 'हे कोणी केलं?' एवढं नुसतं विचारलं की झालं!"

पलीकडून अशी आरोळी आली की मी फोन कानापासून लांब धरला. त्या आरोळीत एकही 'पण' नव्हता. मी इकडे आनंदाने हात असे उडवत होते की जाकिटाचं बटण तटकन तुटलं आणि पलंगाखाली घरंगळत गेलं. "मरू दे ते!" म्हणत मी सासूबाईंच्या गालाचा मुका घेतला आणि ऑफिसला परत पळाले.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. आम्ही खात होतो तेही चित्रं बघत. चुका शोधणारी मी, आता जुन्या चुका शाबूत राहाव्यात म्हणून भांडत होते. "त्या दोरीला हात लावाल तर याद राखा!" मी ओरडायचे, आणि चित्रकार खो खो हसायचे.

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो. सासूबाईंची बॅग दाराशी तयार होती. सकाळी नणंद न्यायला येणार होती. मी सारखी बॅगेकडे बघत होते आणि सासूबाई अजिबात बघत नव्हत्या. काय शेवट केलाय ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. "माझ्या पोटात काही राहत नाही" म्हणणारी मी, पण हे ठेवलं.

वादळ उठलं. जहाज सातव्या किनाऱ्याच्या तोंडाशी. पाऊस कोसळायला लागला. दोरीवर सदरे, आणि ती हिरवी ओढणी. पोरं सुकाणूशी झटतायत. टिंबू मागे वळून बघते आणि दोरी रिकामी. इतके भाग गेले, ती कधी थांबली नव्हती. या वेळी थांबली.

"कपडे आत कोणी नेले?" टिंबूने विचारलं.

आणि धुकं विरलं. दोरीशी कप्तानीण उभी, दोन्ही हातांत ओले कपडे, दातांत चिमटा.

सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. हे चक्क नाक ओढत होते. मी ते दृश्य ऑफिसात इतक्यांदा तपासलं होतं की मला त्याचं काहीच वाटायला नको होतं. तरी मी टीव्हीकडे न बघता उगाच जाकिटाच्या बटणाशी चाळा करत बसले.

आणि माझी बोटं थांबली.

बटण!

हे बटण तुटलं होतं. पलंगाखाली गेलं होतं. मी मरू दे म्हटलं होतं. आणि तेव्हापासून हेच जाकीट मी रोज घालत होते, बटण लावून! आधीचं दृश्य, नंतरचं दृश्य. मग डोकं सुटलंच. न्हाणीतला नळ ठिबकत होता, आता ठिबकत नाही. ह्यांच्या पिशवीचा बंद तुटला होता, आता धड आहे. रोज सकाळी दाराशी माझी पाण्याची बाटली भरलेली. मला चाळणी म्हणतात हो! जगाच्या चुका माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत!

"आई," मी म्हटलं. माझा आवाज दिग्दर्शकबाईंसारखा खाली गेला होता. "हे बटण कोणी लावलं?"

त्यांनी डोळे पुसले. टीव्हीकडेच बघत राहिल्या.

"लागलं असेल आपोआप."

"आई."

"तूच म्हणतेस ना तसं. मैत्रिणीला सांगत होतीस फोनवर. 'आमच्या घरात कटकट नाही बाई, घर आपोआप चालतं, बघावंच लागत नाही.'" त्यांनी माझी अगदी हुबेहूब नक्कल केली, मानेचा झटकासुद्धा. "मी तिथेच होते. भाजी निवडत. म्हटलं, चालतंय ना आपोआप, मग आपण कशाला?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. म्हटलं होतं मी तसं. वर कौतुकाने म्हटलं होतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी टीव्ही बंद केला. नावं वर सरकत होती, त्यात माझंही होतं, तरी बंद केला. आणि सासूबाईंच्या पुढ्यात जमिनीवर बसले.

"आपोआप काही होत नाही. कपडेही नाही, बटणही नाही. कोणी लावलं, सांगा."

"मी," सासूबाई म्हणाल्या. आणि ढसाढसा रडल्या. मीही रडले. माझ्या रडण्यात अर्धा राग होता, माझ्यावरचाच. "जाऊ नका," मी म्हटलं. "मला भांडायला कोणी नाही तुमच्याशिवाय."

"अगं, नळ पण मी केला," त्या रडता रडता सांगायला लागल्या. "वायसर बदलला. कोणाला कळलंही नाही!"

"बॅग उघडू का?"

"राहू दे. लेक येतेय, तिला नाराज कशी करू? चार दिवस जाईन आणि येईन. सुईदोऱ्याचा डबा तेवढा काढून ठेव, तो इथलाच आहे."

एवढ्यात बाहेर पावसाचे थेंब वाजले. आमच्या दोघींच्या माना एकदम गॅलरीकडे वळल्या. सासूबाई सवयीने उठायला लागल्या, तर आमचे हे, जे या घरात राहूनही आजवर गॅलरीत फक्त फोनवर बोलायला गेले, ते उठून धावले. दोरीवर त्यांची झटापट चाललेली ऐकू येत होती. काहीतरी पडलं. मग ओले कपडे छातीशी कवटाळून ते दारात आले, चेहरा गोंधळलेला.

"आई, चिमटे कुठे ठेवतेस तू?"

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"विचारलंस बाबा एकदाचं," त्या म्हणाल्या, आणि दाखवायला उठल्या.